आडवी बाटली यादीतच हरते: गावातलं दारू दुकान बंद करताना या चुका टाळा

मोर्चा निघतो, पेपरात फोटो येतो आणि मतदानाच्या दिवशी आडवी बाटली हरते. (मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा, उभी म्हणजे चालू ठेवा.) यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात असंच झालं. कोणी म्हणे पैसे वाटले, कोणी म्हणे दम दिला. असेलही. पण आम्ही हरलो ते मतदार यादीत.

2008 च्या शासन आदेशाप्रमाणे दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांची मतं आडव्या बाटलीला लागतात. एकूण, बरं का. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे. समजा यादीत 800 बाया आहेत. 500 आल्या, 390 आडवीला, 110 उभीला. गुलाल उधळावा असा निकाल, पण दुकान चालूच, कारण 401 हवी होती. घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूनं धरली जाते. लग्न होऊन दर्यापूरला गेलेली पोरगीही, आणि मेलेली बाईही. माझ्या सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. जन्मभर दारूड्या नवऱ्याचा मार खाल्लेली ती माय आमच्या यादीत दुकान राखत बसली होती.

म्हणून अर्जाच्या आधी यादी घ्या. बचत गटाच्या बायांनी अंगणवाडीत बसून वॉर्डावार एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. गेलेल्यांसाठी नमुना 7, नव्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत असेल तर नमुना 8, कुठंच नसेल तर नमुना 6. कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो कोणी काढत नाही.

मतदान मागायला 25 टक्के बायांच्या सह्या लागतात. मोजून 200 च जमवू नका, पडताळणीत गळती होतेच. घरी सगळे रेखा म्हणतात, यादीत वंदना. लग्नात नाव बदललेलं. सही यादीतल्याच नावानं घ्या, अंगठा असेल तर पुढं नाव लिहा.

अर्ज कधी टाकता तेही बघा. ऐन सोयाबीन सवंगणीत किंवा कापूस वेचणीत मतदान आलं की संपलं. "वावर थांबते का वो बाई?" असं मला एकीनं तोंडावर विचारलं. तिचं काय चुकलं? मजुरी तिची बुडणार होती. वावरमालकांना आधीच भेटून अर्ध्या दिवसाची सुट्टी कबूल करून घ्यायला हवी होती.

ग्रामसभेत दुकानबंदीचा ठराव घेताना नुसते हात वर करून घरी जाऊ नका. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी संख्या. तहकूब सभेला तीही लागत नाही, म्हणून दुसऱ्या तारखेलाही जा. ठराव इतिवृत्तात उतरला का ते पाहा, नक्कल मागा.

शामियाना एखाद्या पुढाऱ्याचा असेल तर अर्ध्या बाया येतच नाहीत. सतरंजी आपलीच बरी.

आणि हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतंच. वर्ध्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून जिल्हाभर बंदीच आहे, तिथं बाटलीवर मत मागण्यात अर्थ नाही. तिथल्या चोरट्या दारूची आणि आपल्याकडच्या हातभट्टीची तक्रार पोलिसांकडे जाते. ती लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.