कूलर बंद, कॅमेरा सुरू: घरच्या खोलीत बँडचं सेशन शूट करताना

नागपुरात खोलीत गाणं रेकॉर्ड करायचं तर पहिली भानगड कूलरची. आमचं पहिलं सेशन मे महिन्यात, धरमपेठेतल्या एका मित्राच्या हॉलमध्ये झालं. गिटारवाला म्हणाला, "भाऊ, कूलर चालू राहू द्या न, जीव चालला." राहू दिला. रात्री हेडफोन लावून ऐकलं तर गाण्याच्या मागे अखंड पाण्याची मोटर. सॉफ्टवेअरने ती काढायला गेलो तसा गायिकेचा आवाज टाकीत बसून गायल्यासारखा झाला. व्हिडिओ सुंदर होता, पण टाकून द्यावा लागला. तेव्हापासून आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच शूट करतो.

खोली निवडताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टण्ण' असा आवाज रेंगाळला तर ती खोली गाण्याची नाही. नव्या फ्लॅटच्या चकचकीत टाइल्स आणि मोकळ्या भिंती सगळ्यात वाईट. पुस्तकांची कपाटं, जाड पडदे, सोफा असलेली अडगळीची खोली त्यापेक्षा कितीतरी बरी. गाद्या भिंतीला उभ्या टेकवा, खाली सतरंजी, तिच्यावर गोधडी. अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या भानगडीत पडू नका, त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही.

सेशनच्या आदल्या दिवशी त्याच वेळी त्या खोलीत अर्धा तास नुसतं बसा आणि काय काय ऐकू येतं ते लिहून काढा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याचा भोंगा, शाळेची व्हॅन. आमच्याकडे अकरा ते साडेबारा शांत असतं, तुमच्याकडे वेगळं असेल. फ्रीजही बंद करावा लागतो. बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवून द्या. किल्ली सापडल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रीज परत सुरू करायचा विसर पडत नाही.

बाहेरगावचे बँड मिळणं नागपुरात वाटतं तितकं अवघड नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग इथे भेटतात. दौऱ्यावरची मंडळी इथून जातातच, एखादी दुपार रिकामी असते. त्यांना महिनाभर आधी लिहा आणि दोनच गाणी मागा. आल्या आल्या तर्री पोहे मात्र खाऊ घालू नका. खाऊ घाला, पण गाणं झाल्यावर. एका गायकाचा घसा तर्रीने असा धरला की अर्धा तास कोमट पाण्यातच गेला.

आता माइक. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. छोट्या खोलीत एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतोच, तो अडवायच्या नादी लागण्यापेक्षा आटोक्यात ठेवा. गायकाचा माइक कार्डिऑइड असेल तर तो मागून कमी ऐकतो, म्हणून ड्रम किंवा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) त्या माइकच्या पाठीमागे येईल अशी मांडणी करा. ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश द्या, नाहीतर कहॉन, म्हणजे वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी. आवाज बसवताना वाढवू नका, सगळ्यात हळू वाद्याच्या पातळीवर बाकीच्यांना आणा. कलाकार अर्धवर्तुळात, एकमेकांचे डोळे दिसतील असे बसवा. स्टेजसारखी सरळ रांग लावली की सगळे अवघडतात, लय इशाऱ्यांवर चालते.

रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटवर ठेवा. सर्वात जोरात गाऊन दाखवायला सांगा, तेव्हा आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. प्रत्यक्षात माणूस चाचणीपेक्षा जोरातच गातो. अँपमधून घुंsss ऐकू आलं तर ती 50 हर्ट्झची वीज आहे. सगळी उपकरणं अर्थिंग असलेल्या एकाच प्लगवरच्या बोर्डाला लावून बघा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. सगळ्यांचे मोबाइल एअरप्लेन मोडवर.

कॅमेरे दोन पुरतात. एक ट्रायपॉडवर, पूर्ण बँड दिसेल असा, आणि त्याला गाणं संपेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. दुसरा हातात, अनवाणी माणसाच्या. त्याने बोटं, ओठ, मान हलवणारा बेसवाला टिपावा, आणि शॉट सापडला की तिथे दहा सेकंद थांबावं. शटर 1/50 सेकंद आणि फ्रेमरेट सेकंदाला 25 फ्रेम ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट व्हिडिओत फडफडते. फोनने शूट करत असाल तर फ्रेमरेट पक्का करणारं ॲप वापरा. तो मागेपुढे होत राहिला की तिसऱ्या कडव्यापर्यंत ओठ आणि शब्द वेगळे होतात. उजेडाला खिडकी पुरे, फक्त कलाकाराच्या पाठीमागे नको.

गाण्याआधी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर एक खणखणीत टाळी, नंतर चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी. मग सगळं गाणं एका दमात. तीन टेक घ्या, चौथा घेऊ नका. आमच्याकडे बहुतेकदा दुसराच चांगला जमतो. वेगवेगळ्या टेकचे तुकडे जोडू नका. लय जराशी जरी वेगळी असली तरी सांधा ऐकू येतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत चित्र आणि आवाज दोन्हीचं काम होतं.

कागद गाणं सुरू व्हायच्या आधी करून घ्या. रेकॉर्डिंग कोणाचं, कुठे टाकणार, पैसे आले तर वाटा किती, एवढं एका पानात मावतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क आहे, तो 50 वर्षं चालतो. म्हणून "दोस्तीखात्यात चालतंय" म्हणून सोडू नका. दुसऱ्याचं गाणं गायचं असेल तर त्याच्या मालकाची परवानगी वेगळी लागते. आम्ही स्वतःचीच गाणी मागतो, कटकट वाचते.

त्याच पानावर प्रत्येकाकडून स्वतःचं नाव आणि वाद्य त्याच्याच हाताने, देवनागरीत लिहून घ्या. एकदा मी ऐकीव नाव टाकलं, व्हिडिओ वर गेला, आणि बासरीवाल्याच्या आईचा फोन आला.