सिनेमा भाड्याने कुठं मिळेल?

गावात कॅसेट-सीडीची दुकानं आता दिसत नाहीत, पण शोध बिछायत केंद्रापासून सुरू करा. लग्नात पडदा-प्रोजेक्टर देणाऱ्यांपैकी कित्येकजण पूर्वी रात्रभराच्या भाड्याने व्हिडिओ द्यायचे. त्यांच्याकडं जुन्या डिस्क पडून असू शकतात, नसल्या तर तालुक्यात कोणाकडं आहेत हे त्यांना ठाऊक असू शकतं. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या जुन्या मोबाइल शॉपीतही विचारा.

डिस्क घेताना उजेडात तिरपी धरून बघाच. मधून कडेकडं गेलेला ओरखडा बहुधा चालून जातो. गोल फिरलेला ओरखडा मात्र सिनेमा अडकवतो. व्हीसीडी असेल तर एकाच सिनेमाच्या सहसा दोन, कधी तीन डिस्क असतात, सगळ्या पाकिटात आहेत ना, हे दुकानातच पाहून घ्या. अनामत दिली तर चिठ्ठी मागा.

डिस्क मिळालीच नाही तर यूट्यूबवर पैसे भरून सिनेमा भाड्याने मिळतो. गावात रेंज नसेल तर तालुक्याला असतानाच तो फोनच्या यूट्यूब अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवा. सहसा सुरू करायला ३० दिवस मिळतात, पण एकदा प्ले दाबलं की ४८ तासांतच संपवावा लागतो. म्हणून 'चालतो का बघू' म्हणून आधीच लावू नका. घरचे सगळे वावरातून येऊ द्या, मगच लावा.

हा सिनेमा घरापुरताच. गणपतीच्या मंडपात दाखवायचा असेल तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते.