अकरा टीव्ही आणि माझं टेबल

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात तीन मजल्यांवर मिळून अकरा टीव्ही आहेत. पूर्वी रोज सकाळी ऑफिसातले मदतनीस मामा रिमोटची पिशवी घेऊन मजलोमजली फिरायचे. एकाच कंपनीचे दोन टीव्ही शेजारी असले की एका बटणाने एक सुरू व्हायचा आणि दुसरा बंद. नोटीस बदलायची तर अकरा पेन ड्राइव्ह. आता हे सगळं मी माझ्या टेबलावरून करते.

आधी कागद घ्या. प्रत्येक टीव्हीला नाव द्या, ‘पहिला मजला रिसेप्शन’, ‘तिसरा मजला पॅन्ट्री’ असं. त्याचं मॉडेल, जवळचा लॅन पॉइंट (नेटवर्कची तार जोडायची जागा) आणि त्याची वीज कोणत्या स्विचवरून येते हेही लिहा. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. मीही विसरले होते.

एक चित्र अनेक टीव्हींना वाटणाऱ्या एचडीएमआय स्प्लिटरने सगळीकडे एकच चित्र जातं आणि लांब केबल त्रास देते, म्हणून मी प्रत्येक टीव्हीमागे एक रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक लावला. राउटरमध्ये प्रत्येक पायची ओळख असलेला मॅक अ‍ॅड्रेस टाकून प्रत्येकाचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का केला. पाय सुरू झाला की क्रोमियम ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे पूर्ण स्क्रीनभर, उघडतो आणि गूगल स्लाइड्सची ‘पब्लिश टू वेब’ केलेली लिंक दाखवतो. लिंक घेतानाच स्लाइड आपोआप पुढे जाण्याची आणि शेवटानंतर पुन्हा सुरू होण्याची खूण करा. मी टेबलावर स्लाइड बदलते, आणि दर तासाला पान पुन्हा लोड होत असल्याने बदल सगळीकडे पोचतो. मात्र ही लिंक हाती असलेला कोणीही ती पाहू शकतो, त्यामुळे पगार, फोन नंबर, ग्राहकांची नावं त्यात कधीही टाकू नका.

चित्र बदलणं इतकं सोपं आहे. खरा घाम टीव्ही चालू-बंद करण्यात निघतो.

त्यासाठी एचडीएमआय-सीईसी वापरा, म्हणजे एचडीएमआय केबलवरूनच टीव्हीला हुकूम देण्याची सोय. सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते सुरू करा, केबल पायच्या पॉवरशेजारच्या एचडीएमआय पोर्टला लावा आणि पायवर हे हुकूम पाठवणारा ‘सीईसी-युटिल्स’ प्रोग्रॅम बसवा. मग ठरल्या वेळी हुकूम चालवणाऱ्या क्रॉनमध्ये दोन ओळी पुरतात: सकाळी ९ला चालू, रात्री ८ला स्टँडबाय. तरीही आमचे दोन टीव्ही ऐकत नव्हते. दोन दिवस मी सेटिंगच उलटसुलट करत बसले, दोष होता स्वस्त केबलमध्ये. सीईसीचा निरोप १३ नंबरच्या पिनवरून जातो आणि त्या केबलमध्ये ती पिन जोडलेलीच नव्हती. केबल बदलली, काम झालं.

तिसऱ्या मजल्यावरचे चार मात्र सकाळी मेलेलेच असायचे. मामा रात्री निघताना वीज वाचवायला बोर्डाचा स्विच बंद करत होते. स्टँडबायला वीज लागते, ती नसेल तर टीव्ही कुणाचं ऐकणार? मी त्यांना टेबलाशी बसवून एक टीव्ही त्यांच्याच हाताने सुरू करायला लावला. त्या दिवसापासून स्विचवर चिकटपट्टी आहे, आणि ती त्यांनीच लावली आहे. शिवाय वीज अशी तडकाफडकी तोडली की पायचं मेमरी कार्ड बिघडतं, म्हणून सगळं नीट चालू लागल्यावर पायच्या ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंग प्रोग्रॅममधून ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू करा. त्यानंतर कार्डावर काही लिहिलं जात नाही.

घरून काम करायचं असेल तर राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडू नका, टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, लावा. गेल्या पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या, तेव्हा मी बदलापुरातून रिसेप्शनवर ‘आज लवकर निघा’ ही सूचना लावली होती.

नवे स्क्रीन घ्यायचे असतील तर घरगुती टीव्हीऐवजी व्यावसायिक डिस्प्ले पाहा. त्यांना आरएस-२३२ या सिरियल पोर्टवरून किंवा लॅनवरून थेट हुकूम देता येतो, सीईसीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत.