गिटार टॅब्लेटला जोडताना: आधी जोडणी तपासा, मग हात

घरी टॅब्लेटवर केलेलं माझं पहिलं गिटार रेकॉर्डिंग ऐकलं आणि वाटलं, आपली बोटंच चुकतायत. सूर बरोबर लागत होते, पण सगळ्या आवाजावर कुणी गोधडी टाकली होती, आणि ठेका देणाऱ्या मेट्रोनोमशी माझी लय काही जुळत नव्हती. दोन आठवडे नेटानं रियाज वाढवला. काही फरक पडला नाही, कारण बिघाड वायरींच्या त्या छोट्याशा साखळीत होता. नवशिके इथेच खचतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या गोधडीबद्दल. गिटार आणि टॅब्लेटच्या मध्ये जोडतात ती डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माझ्या इंटरफेसवर इनपुटशेजारी एक बारीक बटण आहे: एका बाजूला ‘लाइन’, दुसऱ्या बाजूला ‘इन्स्ट्रुमेंट’. काही इंटरफेसवर तिथे ‘हाय-झी’ लिहिलेलं असतं किंवा गिटारचं चित्र असतं. माझं बटण पहिल्या दिवसापासून लाइनवर होतं. पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडणारा गिटारवरचा भाग. बॅटरी नसलेल्या साध्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात आणि त्यातून येणारा सिग्नल नाजूक असतो. त्याच्यावर भार न टाकणारं इनपुट त्याला हवं. गिटारच्या इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, साधारण 1 मेगाओहम असतो, लाइन इनपुटचा बहुधा 10 हजार ओहमच्या आसपास. फरक शंभरपट! कमी इम्पिडन्सच्या इनपुटमध्ये आवाज तर दबतोच, पण सगळ्यात आधी त्यातली वरची चमक जाते. मागाहून ट्रेबल चढवला तर तिच्याऐवजी खरखरच वर येते. ते बटण दाबलं आणि तीच गिटार, त्याच जुन्या तारा, पण प्रत्येक स्ट्रोक वेगळा ऐकू यायला लागला. तुमच्या इंटरफेसवर असं इनपुट नसेल तर मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी डबी) घालून माइकच्या इनपुटला जोडा. ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपना ही अडचण फारशी येत नाही.

केबल 6.35 मिलिमीटर पिनेची, मोनो. पिनेवर एकच काळी कडी दिसते. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: ॲम्पच्या मागचं ‘स्पीकर आउट’ इंटरफेसला कधीही जोडू नका. तिथून येणारी ताकद स्पीकर हलवण्यासाठी असते, इंटरफेस जळू शकतो.

टॅब्लेटच्या बाजूला इंटरफेस ‘क्लास कम्प्लायंट’ आहे ना, एवढं बघा. मग ड्रायव्हर लागत नाही. यूएसबी-सी असलेल्या आयपॅडला तो सरळ जोडता येतो. लाइटनिंगवाल्या आयपॅडला कॅमेरा अडॅप्टर लागतो, तोही चार्जिंगची जागा असलेला घ्या. कारण इंटरफेस टॅब्लेटकडूनच वीज ओढतो, आणि ती पुरली नाही की स्क्रीनवर तक्रार येते आणि जोडणी तुटते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घातला की हा प्रश्न मिटतो. अँड्रॉइडमध्ये 2014 च्या 5.0 आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओची सोय आली, पण आवाज किती उशिरा येतो ते मॉडेलगणिक बदलतं. म्हणून घेण्याआधी प्रत्यक्ष वाजवून बघा.

आता उशिराबद्दल, म्हणजे लेटन्सीबद्दल. माझी लय याच्यामुळेच बिघडली होती. टॅब्लेट आवाजाचे नमुने गोळा करून गठ्ठ्यागठ्ठ्यानं हाताळतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. 48 हजार हर्ट्झवर 128 नमुन्यांचा बफर म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 1024 चा म्हणजे 21. हा वेळ जाताना एकदा आणि येताना एकदा लागतो, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ असतोच. एका मिलिसेकंदात आवाज हवेतून सुमारे 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे एकूण उशीर 10 मिलिसेकंदांचा असेल तर ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं वाटतं, आणि ते हाताला चालतं. पण मी ब्लूटूथ हेडफोन लावून बसले होते. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि मी स्वतःच्याच शिळ्या आवाजाशी लय जुळवत होते! वायरचे हेडफोन घ्या आणि ते इंटरफेसलाच जोडा. बफर 128 वर ठेवा, तडतड आली तर 256 करा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’, म्हणजे टॅब्लेटला वळसा न घालता गिटार थेट हेडफोनमध्ये ऐकवणारी सोय, असेल तर तो आणि ॲपचा आवाज एकाच वेळी चालू ठेवू नका, नाहीतर प्रत्येक सूर दुहेरी ऐकू येतो.

आयपॅडवरच्या गॅरेजबँड या रेकॉर्डिंग ॲपमध्ये पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही तर घाबरू नका, ट्रॅकच्या सेटिंगमधला मॉनिटर बंद असेल. गेन, म्हणजे इनपुटची पातळी, लावताना सगळ्यात जोरात स्ट्रम करा आणि मीटर उणे 12 डेसिबलच्या आसपास थांबू द्या. 24 बिट रेकॉर्डिंगमध्ये तेवढं पुष्कळ आहे. लाल दिवा लागला की तो टेक गेला.

सरळ जोडलेल्या गिटारचा आवाज कोरडा आणि टोचरा वाटतो, त्याला डिस्टॉर्शन लावलं तर डास गुणगुणतोय असं वाटतं. गिटारचा स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचं बरंच गाळून टाकतो, आणि आपल्या कानाला तोच आवाज ‘गिटारचा’ म्हणून ओळखीचा असतो. म्हणून ॲपमध्ये ॲम्पबरोबर कॅबिनेटही (स्पीकरच्या खोक्याची नक्कल) चालू आहे ना, ते बघा.

घरघर येत असेल तर आधी टॅब्लेटचा चार्जर काढून ऐका. बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या विजेची गुणगुणही पकडतात. वाजवायच्या जागेवरच हळूहळू वळून बघा, कुठल्यातरी एका कोनात ती खूप कमी होते. टॅब्लेटही हातभर लांब ठेवा.

ॲम्पचा इफेक्ट ॲपमध्ये नंतर लागतो, मूळ ट्रॅक कोरडाच साठतो. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला जेमतेम 8 एमबी लागतात, तेव्हा टेक पुसायची घाई करू नका. बटण बदलल्यानंतरचा पहिला कोरडा टेक माझ्याकडे अजून आहे. नवं ॲम्प ॲप हाती आलं की आधी त्याच्यावरच लावून बघते.