एसएटी १५४०, अकरावीला ५८ टक्के: अमेरिकेच्या अर्जात या चुका टाळा

‘अकरावीला कोण विचारतं?’ हे वाक्य आपल्याकडे दहावीच्या पेढ्यांसोबतच वाटलं जातं. सीईटी-जेईईपुरतं ते खपूनही जातं. पण अमेरिकेत बॅचलर्सला जायचं ठरलं, की तिथली कॉलेजं नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण बघतात. इंटिग्रेटेड क्लासच्या नादात कॉलेजात फिरकलाच नसाल, तर अकरावीची गुणपत्रिका ऐन वेळी आडवी येते. मग घरात एकच तोडगा निघतो: एसएटीत (अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची १६०० गुणांची प्रवेश परीक्षा) १५००च्या पुढे जाऊ, सगळं भरून निघेल.

चुरशीच्या कॉलेजांत तरी निघत नाही. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी २०२४ मध्ये एसएटीसारखी परीक्षा पुन्हा सक्तीची करायचं जाहीर केलं, त्यावरून बऱ्याच पालकांनी स्कोअर म्हणजेच सर्वस्व असा अर्थ काढला. तिथे १५००वाले ढिगाने अर्ज करतात. चांगल्या स्कोअरने ‘याला झेपेल का’ ही शंका मिटते आणि लगेच दुसरी उभी राहते: झेपतं, तर मग केलं का नाही?

इंजिनिअरिंगवाल्यांची चूक जास्त महागात पडते. अकरावीच्या गणितात ५५, एसएटी मॅथमध्ये ८०० पैकी ७८०. घरच्यांना वाटतं ५५ झाकले गेले. पण एसएटीत कॅल्क्युलस नसतंच. बीजगणित, आकडेवारी, थोडी भूमिती-त्रिकोणमिती, शिवाय कॅल्क्युलेटर हाताशी. पोरगं कॅल्क्युलसमध्ये कच्चं आहे की पक्कं, हे ७८० सांगूच शकत नाही. १५४०चे १५७० करायला तिसऱ्यांदा परीक्षेला बसवण्यापेक्षा एपी कॅल्क्युलस (कॉलेजच्या पातळीची कॅल्क्युलसची परीक्षा) द्यायला लावा. ही परीक्षा मे महिन्यात होते आणि भारतात बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसू देणारी केंद्रं आहेत. अकरावी संपल्यावरच्या मे मध्येच द्या. बारावीनंतरच्या मेपर्यंत कॉलेजांचे निर्णय लागून गेलेले असतात.

बर्कली किंवा यूसीएलएचं स्वप्न असेल तर हा सगळा हिशेबच बाद. ही दोन्ही ज्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात येतात, ती प्रवेश देताना एसएटी बघतच नाही, १५९० असले तरी. बाकीच्यांचं कळायला कॉलेजचं नाव टाकून ‘कॉमन डेटा सेट’ शोधा. त्यातल्या सी-७ तक्त्यात गुण, विषयांची काठिण्यपातळी, परीक्षा यांना किती वजन हे कॉलेजनेच खुणा करून दिलेलं असतं. एजंटच्या फोनपेक्षा हा तक्ता बरा.

७२ टक्क्यांना २५ने भागून २.८८ जीपीए (चारच्या मोजपट्टीवरची सरासरी) लिहिणं हाही हौसेने ओढवून घेतलेला तोटा. कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांना एकाच अर्जाने जाता येणारी वेबसाइट) शंभरची मोजपट्टी निवडता येते. गुण आहेत तसे टाका. त्याऐवजी ज्युनिअर कॉलेजकडून स्कूल प्रोफाइल (अर्जासोबत जाणारी कॉलेजची माहिती) नीट बनवून घ्या: त्या वर्षी अकरावीत सर्वाधिक किती, सरासरी किती. वर्गातला पहिलाच ७८ वर थांबला असेल, तर ७२चा अर्थ बदलतो.

आजारपण, घरातली अडचण असं खरं कारण असेल तर अर्जातल्या जादा माहितीच्या रकान्यात तीन-चार ओळींत लिहा. ‘क्लासमुळे कॉलेजला गेलो नाही’ हे कारण मात्र लिहू नका. ती कबुली ठरते.

आणि ऑक्टोबरात बारावीची सहामाही आहे, तेव्हा एसएटीचं पुस्तक बाजूला ठेवा. त्या परीक्षेचे गुण मिड-इयर रिपोर्टमधून, म्हणजे वर्षाच्या मध्यावर ज्युनिअर कॉलेजने पाठवायच्या अहवालातून, अमेरिकेतल्या कॉलेजकडे जातात. अकरावीचे ५८ आता बदलता येत नाहीत. त्यांच्यापुढे काय आलं, एवढंच अजून तुमच्या हातात आहे.