नागपूरच्या ऊन-पावसात जुना फिल्म कॅमेरा कसा वापरायचा

घरच्या कपाटात याशिका एमएफ-२, आग्फा क्लिक थ्री नाहीतर काकांचा झेनिट पडून असेल तर नवीन शोधायच्या आधी तोच बाहेर काढा. विकतच घ्यायचा असेल तर पेंटॅक्स के१००० सारखा पूर्ण मेकॅनिकल एसएलआर (लेन्समधूनच पाहून फोटो काढायचा कॅमेरा) घ्या, त्यात बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, ती संपली तरी शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारा पडदा, चालत राहतं. याशिका इलेक्ट्रो ३५ दिसायला फार देखणा, लेन्सही मस्त, पण बॅटरी नसली की तो सगळे फोटो १/५०० सेकंदालाच काढतो आणि त्याची मूळ मर्क्युरी बॅटरी आता बनत नाही, ६ व्होल्टची ४एलआर४४ अडॅप्टर लावून बसवावी लागते. पहिल्या कॅमेऱ्यातच एवढी भानगड काहून करायची?

घेताना आधी आत रोल नाही ना ते पाहा, मग मागचं झाकण उघडून एकेक स्पीडवर (शटर किती वेळ उघडं राहतं तो आकडा) शटर दाबा. १ सेकंदाला खरंच सेकंदभर उघडं राहिलं पाहिजे, अडकत अडकत बंद होत असेल तर आतलं ग्रीस सुकलंय. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाला चिकटला तर तो बदलावाच लागेल, नाहीतर रोलवर उजेडाचे पट्टे येणार. बॅटरीच्या खणात हिरवा गंज धरलेला नको. लेन्सचं अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती फंगस, सौदा सोडून द्या. बारीक धूळ चालते, तिच्यानं फोटोत काही फरक पडत नाही.

फंगसचं आपल्याकडे नीट समजून घ्या, कारण लोकांना वाटतं हा फक्त पावसाळ्याचा त्रास. आपण एप्रिल ते जून घरात कूलर लावतो, तो हवेत पाणीच सोडत असतो, आणि त्याच खोलीतल्या बंद कपाटात लेदरच्या केसमध्ये लेन्स ठेवली की तिला वर्षातून दोनदा पावसाळा लागतो. लेदर ओल धरून ठेवतं म्हणून केस वेगळी ठेवा, आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून कूलर नसलेल्या खोलीत ठेवा. जेल रंग बदलणारं घ्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परत सुकवता येतं. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे कॅमेरा वापरत राहणं, महिन्यातून एकदा तरी बाहेर उजेडात काढून सगळे स्पीड चालवून पाहा.

उन्हाळ्यात स्कूटीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवू नका, दहा मिनिटंसुद्धा नाही. बाहेर ४५ असलं की आत त्याहून कितीतरी जास्त तापतं, लेन्सचं ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात, रोलचे रंग बिघडतात ते वेगळंच. रोल फ्रिजमध्ये ठेवा पण काढल्या काढल्या डबी उघडू नका, दोन तास बाहेर राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. कुणाकडे आता बंद पडलेल्या ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोल निघाला तर जरूर वापरा, पण आपल्याकडचे इतके उन्हाळे कपाटात काढलेला रोल धुरकट येणार हे धरून चाला, त्यावर लग्न-मुंज काढू नका.

सुरुवातीला रंगीतमध्ये कोडॅक गोल्ड २०० आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इलफर्ड एचपी५ बस झालं. आपल्या कडक उन्हात मीटर नसला तरी चालतं, अपर्चर एफ १६ आणि शटर साधारण आयएसओइतका (रोलवर छापलेला, फिल्म उजेडाला किती लवकर धरते तो आकडा), म्हणजे २०० च्या रोलला १/२५०. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीच्या दिवशी मात्र आभाळ भरलेलं असतं, महाल-इतवारीच्या गल्ल्या अरुंद, गर्दी हलत असते, तिथे ४०० चाच रोल पाहिजे. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट फ्रेमभर घेतला तर मीटर फसतो, त्याला सगळं करडंच करायचं असतं, म्हणून तो सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड द्या.

आता डेव्हलपिंग, म्हणजे काढलेला रोल केमिकलमध्ये धुणं, आणि हे घरी कराच, खरी मजा इथंच आहे. ब्लॅक अँड व्हाइट डिसेंबर-जानेवारीत करा, तेव्हा केमिकल २० डिग्रीवर आणायला फार खटपट लागत नाही. एचपी५ डी-७६ डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून २० डिग्रीला १३ मिनिटं. थोडं गरम असेल तर डिग्रीमागे साधारण दहा टक्के वेळ कमी करा, २४ ला नऊ मिनिटांच्या आसपास येतं, पण पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, डाग पडतात. फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) आणि धुवायचं पाणीही त्याच तापमानाला ठेवा. २० च्या डेव्हलपरमधून फिल्म काढून टाकीच्या कडकडीत पाण्यात टाकली तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडतात, त्या कशानंच जात नाहीत. चेंजिंग बॅगमध्ये (अंधारात रोल रीळवर चढवायची काळी पिशवी) घामानं हात ओले होऊन फिल्म रीळवर चिकटते, म्हणून हे काम पहाटेच उरका.

रंगीतचं उलटं आहे. सी-४१ ला (रंगीत निगेटिव्ह धुवायची पद्धत) डेव्हलपर ३८ डिग्री लागतो, ३ मिनिटं १५ सेकंद, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्याच्या जवळपासच येऊन राहतं, त्यात बाटल्या ठेवून थर्मामीटरनं पाव डिग्रीपर्यंत जुळवून घ्यायचं. तेवढं करायचं नसेल तर रोल कुरिअरनं बाहेरच्या लॅबला पाठवा, पण सोबतच्या चिठ्ठीत निगेटिव्ह परत पाहिजे हे ठळक लिहा, काही ठिकाणी नुसते स्कॅन मेल करतात आणि निगेटिव्ह मागितल्याशिवाय देत नाहीत.