स्टीलहेड सुखरूप सोडायचा असेल तर: साहित्य निवडताना गळापासून सुरुवात करा

सिएटल परिसरातल्या मराठी मित्रांपैकी कोणी फ्लाय फिशिंगकडे, म्हणजे पिसा-केसांच्या नकली आमिषाने (फ्लायने) मासे धरण्याकडे, वळलं की थोड्याच दिवसांत स्टीलहेडचा विषय निघतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रॉड कोणता घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. रॉड सगळ्यात शेवटी. आधी गळ निवडा, मग टिपेट (दोराच्या टोकाचा बारीक धागा, ज्याला फ्लाय बांधतात), मग दोर आणि रीळ. जो मासा हातातून परत नदीत जायचा आहे, त्याच्या तोंडाशी काय लागणार इथूनच खरेदीला सुरुवात व्हायला हवी.

स्टीलहेड म्हणजे जातीने रेनबो ट्राउटच. फरक एवढाच की हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतात; स्टीलहेडपैकी काही मात्र परत समुद्रात जातात आणि पुन्हा एकदा नदी चढतात. म्हणजे तुम्ही नीट सोडलेला मासा पुढच्या खेपेलाही अंडी घालू शकतो. सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीतले स्टीलहेड 2007 पासून अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार 'धोक्यात आलेले' म्हणून नोंदलेले आहेत. वॉशिंग्टन राज्यात जंगली, म्हणजे हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) न वाढवलेला, स्टीलहेड सोडावाच लागतो, आणि तो पूर्णपणे पाण्याबाहेर उचलणं हाही नियमभंग आहे.

"धरायचा आणि सोडायचा? मग धरायचा कशाला?" असं गावाकडून हमखास विचारलं जातं. महाडच्या मामांना मात्र समजावून सांगावं लागलं नाही. वाळणकोंडच्या डोहातले देवीचे मासे, ज्यांना कोणी धरत नाही, ते लहानपणापासून पाहत आलेत. मासा आपल्या इतका जवळ असावा आणि तरी तो आपला नसावा, हे त्यांना ठाऊक आहे.

हलकं साहित्य का नको

बारीक दोर आणि हलका रॉड घेतला की खेळ जास्त न्याय्य होतो, असा एक समज आहे. माशाच्या बाजूने पाहिलं तर नेमकं उलटं आहे. हलक्या साहित्याने झुंज लांबते, आणि ती लांबली की त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचत जातं. दमलेल्या माशाला पाण्याबाहेर काढलं तर कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि श्वास बंद पडतो. 1992 साली कॅनडात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउटना पूर्ण दमवलं होतं. नुसते दमवलेले मासे 88 टक्के वाचले. त्यानंतर 30 सेकंद हवेत धरलेले 62 टक्के, आणि 60 सेकंद धरलेले फक्त 28 टक्के. प्रयोग टाकीतला होता, नदीत आकडे वेगळे येतील. पण फोटोसाठी मासा छातीशी धरून उभं राहण्याची माझी इच्छा तेव्हापासून गेली.

पहिल्या हिवाळ्यात मी 6 नंबरचा रॉड (नंबर जितका मोठा, तितका दोर जड) आणि 6 पौंडी, म्हणजे 6 पौंड ताण सोसणारं, टिपेट घेऊन गेलो होतो. मासा वीस मिनिटं खेळला. सोडला तेव्हा तो एका कुशीवर कलंडला. गार पाण्यात गुडघे टेकून मी त्याला कितीतरी वेळ धरून बसलो. शेवटी तो गेला, पण सरळ पोहत गेला नाही. तो जगला का, हे मला कधीच कळणार नाही.

गळ आणि फ्लाय

एकच गळ, एकच टोक, आणि उलटा काटा नसलेला. बिनकाट्याचा गळ मिळाला नाही तर पकडीने तो काटा दाबून पूर्ण सपाट करा, मग गळ सुती कापडात टोचून ओढून पाहा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे.

हिवाळ्यातल्या फ्लाय बोटभर लांब असतात. इतकी लांब फ्लाय एकाच मोठ्या गळावर बांधली तर गळाची लांब दांडी तरफेसारखी काम करते आणि जखम मोठी होते. म्हणून पिसं आणि केस बिनटोकाच्या धातूच्या दांडीवर बांधलेली आणि मागे दोरीच्या फासात आखूड दांडीचा 2 किंवा 4 नंबरचा गळ लोंबणारी फ्लाय घ्या. 'इंट्रूडर' नावाने मिळतात त्या अशाच. प्रवाहात आडवी झुलत जाणारी फ्लाय बहुतेकदा जबड्याच्या कोपऱ्यात लागते, तिथून गळ काढणं सोपं असतं.

टिपेट

हिवाळ्यात 12 ते 15 पौंडी, उन्हाळ्यात 10 पौंडी. त्याखाली जाऊ नका. हिवाळ्यातलं पाणी गढूळसर असतं आणि स्टीलहेड टिपेट पाहून बिचकतो असा माझा अनुभव नाही. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच तुटते. तुटलेल्या टिपेटचा मासा तोंडात फ्लाय घेऊन जातो, हे लक्षात ठेवून गाठ बांधा.

दोर आणि रीळ

उन्हाळ्यात मासा वर येतो, तेव्हा तरंगणारा दोर पुरतो. हिवाळ्यात तो तळाशी बसून असतो, त्यासाठी जड आखूड 'स्कॅजिट' दोर आणि त्यापुढे बुडणारं टोक लागतं. स्कॅजिट हे सिएटलच्या उत्तरेकडच्या नदीचं नाव. तिथल्या काठावर मागे झाडं, पुढे रुंद पात्र, अशा जागी जड फ्लाय फेकता फेकता हा प्रकार घडत गेला. बुडणाऱ्या टोकावर टी-8, टी-11, टी-14 असं लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे दर फुटाला किती ग्रेन (वजनाचं एक बारीक माप) वजन. पहिली खरेदी 10 फुटी टी-11 ची करा.

रीळ मोठ्या गाभ्याचं हवं, म्हणजे सैल पडलेला दोर झटपट गुंडाळता येतो. त्यावर किमान 150 वार बॅकिंग, म्हणजे मुख्य दोरामागचा राखीव बारीक दोर. पण पैसे खर्च करायचे ते ड्रॅगवर, म्हणजे रिळाच्या ब्रेकवर. दुकानात दोर हाताने हळू ओढा, मग झटक्याने ओढा. सुटताना अडखळला तर ते रीळ नको. ताण टिपेटच्या ताकदीच्या पावपटीच्या आसपास ठेवा, पुढचं काम तळहात रिळाच्या कडेवर टेकवून होतं.

आता रॉड

एकहाती असेल तर साडेनऊ ते दहा फुटी, 8 नंबरचा. दुहाती स्पे रॉड असेल तर साडेबारा-तेरा फुटी, 7 नंबरचा. दोन्हींचे नंबर सारखे समजू नका: 7 नंबरच्या स्पे रॉडला लागणारा दोर एकहाती 7 पेक्षा पुष्कळ जड असतो, स्कॅजिट दोर साधारण 500 ते 550 ग्रेन.

इथे एक अडचण आहे, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. स्पे रॉड फेकायला उत्तम, पण एकट्याने मासा हाताशी आणायला अवघड. तेरा फुटांच्या टोकाशी मासा असताना तुमचा हात पोचत नाही, आणि रॉड मागे उभा खेचला तर टोक तुटतं. सोबती नसेल तर 11 फुटी स्विच रॉड (एका किंवा दोन्ही हातांनी वापरता येणारा) घ्या. थोडी कमी फेक चालेल.

जाळं, चिमटा आणि थर्मामीटर

हातजाळं रबराचं किंवा बिनगाठीच्या बारीक विणीचं. गाठी असलेलं नायलॉन माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतं, परही फाटतात. तोंड इतकं मोठं हवं की 80 सेंटिमीटरचा मासा डोक्याकडून सरळ आत येईल. लांब टोकाचा चिमटा गळ्याशी दोरीला बांधलेला ठेवा, खिशात नको. थर्मामीटर स्वस्त असतं. पाणी 18 अंशांवर गेलं की त्या दिवशी गुंडाळा.

मासा लागल्यावर

रॉड उभा न धरता आडवा, पाण्याच्या जवळ ठेवा आणि बाजूने ताण द्या. मासा खाली पळाला तर काठाने त्याच्यामागे चाला. त्याला गुडघाभर, संथ पाण्यात आणा. दगडांवर ओढू नका, तिथे तो डोकं आपटून घेतो. हातमोजे काढा, हात ओले करा, एका हाताने शेपटीचा बारीक भाग धरा, दुसरा पोटाखाली. शेपटीच्या अलीकडे पाठीवरचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर मासा जंगली आहे; हॅचरीतल्या माशांचा तो सहसा कापलेला असतो. गळ घशात खोल गेला असेल तर उकरत बसू नका, टिपेट कापा.

मग प्रवाहाकडे तोंड करून नुसतं धरून ठेवा. पुढे-मागे हलवू नका, पाणी तोंडातून कल्ल्यांकडे एकाच दिशेने जायला हवं. आधी कल्ले उघडझाप करू लागतात, मग पाठ सरळ होते, मग मुठीत शेपटीचा जोर जाणवतो. तेव्हा मूठ उघडा.

तो गेल्यावर टिपेटचा शेवटचा हातभर भाग बोटांतून फिरवा. खरखरीत लागला तर कापून टाका, गाठ नव्याने बांधा, गळाचं टोक नखावर टेकवून पाहा, आणि तीन पावलं खाली सरकून पुढची फेक करा.